एमी, ओतोरी, तामाइ की नाकाजिमा: मॉडेलसाठी जपानचं कोणतं जुनं शिकाऊ विमान घ्यावं?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला चौघांनी विचारला. चौघेही किट जोडण्याच्या पुढे गेलेले, बाल्साचं हलकं लाकूड कापायला, कामट्या तासायला आणि एकाच पंखावर महिनाभर बसायला तयार असलेले. हवं होतं पहिल्या महायुद्धाच्या आसपासचं दुपंखी विमान. पण लढाऊ नको, आणि प्रत्येक प्रदर्शनात दिसणारी ब्रिटिश शिकाऊ टायगर मॉथही नको. जपानमध्ये त्या काळी खासगी लोकांनी बांधलेली, खासगी शाळांत पोरांना उडायला शिकवणारी जी विमानं होती, त्यांतलं एखादं घेतलं तर? आणि घ्यायचं तर कोणतं?

फोनवर सांगून हे उरकत नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर. माझा कौल आधीच सांगून टाकते: पहिलंच असेल तर इतो नावाच्या जपानी वैमानिकाने बांधलेलं एमी. का, ते बाकीच्यांशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पटणार नाही.

जोखायचं कशावर? वेग, उंची, अश्वशक्ती ही मापं शिकाऊ विमानाला लावून उपयोग नाही. शिकणारा ते आपटणार, हे धरूनच चालायचं असतं. आपटल्यावर कोणाच्या हातून, कोणत्या सामानातून आणि किती लवकर ते पुन्हा उभं राहतं, हे त्याचं खरं माप. मॉडेलचंही तसंच आहे. ज्या विमानाचा सांगाडा गावातल्या सुताराच्या अवजारांनी दुरुस्त होत होता, तो आपल्या जेवणाच्या टेबलावरही होतो.

थोडी पार्श्वभूमी लागेल. जपानमधली पहिली उड्डाणं 19 डिसेंबर 1910 ची, तोक्योतल्या योयोगी मैदानावर. तोकुगावा आणि हिनो हे दोन लष्करी कॅप्टन, आणि विमानं फ्रान्स-जर्मनीहून विकत आणलेली. जपानमध्ये बांधलेलं विमान उडालं त्यानंतर साडेचार महिन्यांनी, 5 मे 1911 ला तोकोरोझावाच्या मैदानावर. ते बांधणारा नाराहारा सानजी हा सरदार घराण्यातला, नौदलात काम केलेला अभियंता. त्याचं पहिलं विमान बांबूच्या सांगाड्याचं होतं आणि ते उठलंच नाही, कारण त्याला मिळालेलं 25 अश्वशक्तीचं आंझानी इंजिन कमी पडलं. दुसऱ्याला 50 अश्वशक्तीचं ग्नोम मिळालं आणि ते जमिनीपासून चार मीटर वर साठेक मीटर गेलं. आज वाचताना हे अंतर किरकोळ वाटतं. पण आपल्या हातचं पहिलं मॉडेल दहा फूट सरळ गेलं तेव्हा काय वाटलं होतं ते आठवा.

लष्कराकडे पैसा होता, मैदान होतं, परदेशातून यंत्रं मागवायची सोय होती. खासगी बांधणाऱ्यांकडे यांतलं काहीच नव्हतं. तिकीट लावून केलेले उड्डाणाचे खेळ आणि विद्यार्थ्यांची फी, एवढीच मिळकत. बांधणारा, उडवणारा, शिकवणारा आणि पाना घेऊन इंजिनाखाली झोपणारा माणूस बहुतेक वेळा एकच. म्हणून या विमानांची तुलना करताना माणसांची तुलना टाळता येत नाही.

ओतोरी आणि एमी: एकाच पुळणीवरची दोन विमानं

ही जोडी सगळ्यात आधी, कारण निवड बहुतेकदा इथेच येऊन अडते.

चिबा प्रांतातलं इनागे हे गाव तोक्योच्या उपसागराच्या काठावर. ओहोटीला समुद्र लांबवर मागे सरायचा आणि घट्ट, ओली, सपाट वाळू उघडी पडायची. नाराहाराने 1912 मध्ये तिथे तळ टाकला आणि जपानचा पहिला खासगी विमानतळ तयार झाला. ना गवत कापायचं, ना जमीन भाड्याने घ्यायची. धावपट्टी दिवसातून दोनदा समुद्रच धुऊन द्यायचा. मात्र शिकवणीचं वेळापत्रक भरती-ओहोटीच्या हातात. पाणी पहाटे सरलं तर शिकवणी पहाटे. कोकणातल्या किनाऱ्यावर जो वाढला त्याला ही वाळू डोळ्यांसमोर आणायला काहीच कष्ट पडणार नाहीत: पाय रुतत नाही, सायकल चालते आणि टाच मारली की क्षणभर कोरडी पांढरी पडते.

नाराहाराचं चौथं विमान ओतोरी. आपल्याकडे गरुड म्हणावं तसा त्यांच्या पुराणातला मोठा पक्षी, त्याचं नाव याला दिलेलं. तोंडाशी पंखा, त्यामागे तेच 50 अश्वशक्तीचं ग्नोम. वैमानिक शिरातो एइनोसुके, उत्तरेकडच्या आओमोरीचा, आधी लष्कराच्या बलून तुकडीत होता. एप्रिल 1912 मध्ये कावासाकीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्याने तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर ओतोरी उडवलं आणि मग ते घेऊन तो गावोगाव फिरला. पुढे घरच्यांच्या दबावामुळे नाराहाराने या उद्योगातून अंग काढलं. शिरातो मात्र उडत आणि शिकवत राहिला.

मॉडेलच्या दृष्टीने ओतोरीची जमेची बाजू मोठी आहे. इनागेला 1989 मध्ये खासगी विमानविद्येचं एक छोटं स्मारक-संग्रहालय उभं राहिलं होतं आणि त्यात ओतोरीची पूर्ण आकाराची प्रतिकृती होती. संग्रहालय 2018 मध्ये बंद झालं, पण एवढ्या वर्षांत लोकांनी त्या प्रतिकृतीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवलेत. कोणती तार कुठे अडकते, चाकाचा दांडा कसा बांधलाय, हे डोळ्यांनी बघायला मिळणं ही या काळातल्या विमानांच्या बाबतीत चैन आहे.

अडचण आहे ती इंजिनात. ग्नोम हे फिरतं इंजिन. त्यात दांडा विमानाला घट्ट असतो आणि सातही सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरतात. वंगण एरंडेलाचं, तेही जळून संपत नाही तर बाहेर फेकलं जातं, त्यामुळे वैमानिकाचे कपडे तेलकट आणि इंजिनामागचं कापडही तेलकट. शेल्फवर ठेवायच्या मॉडेलला हे इंजिन म्हणजे दागिना आहे, पण तो घडवायला महिना जातो: सात सिलिंडर, प्रत्येकावर कंगव्याच्या दातांसारख्या पातळ चकत्या, आणि सगळं उघड्यावर. एक चकती वाकडी बसली तरी लगेच दिसते. पहिल्याच प्रयत्नात कोणी या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. ग्नोम करताना हात टेकलेले दोन जण मला माहीत आहेत, आणि दोघांचे पंख सुंदर झाले होते.

दुसरी गोष्ट अशी की ओतोरी मुख्यतः खेळ दाखवायचं विमान. इनागेला शिकवणी व्हायची, पण ओतोरीवर नाव कोरलंय ते प्रेक्षकांच्या गर्दीचं. ज्याला शिकाऊ विमानच करायचंय त्याने हे ध्यानात घ्यावं.

आता एमी. इतो ओतोजिरो ओसाकाचा, 1891 चा जन्म. पोरवयात राइट बंधूंच्या उड्डाणाचं चलचित्र पाहिलं आणि विमानाने झपाटला. नाराहाराला पत्र लिहिलं, तोक्यो गाठलं, इनागेच्या वाळूवर शिरातोच्या हाताखाली शिकला, आणि 1915 मध्ये त्याच किनाऱ्यावर स्वतःची शाळा-कम-कारखाना काढला. त्याच वर्षी त्याने पहिलं विमान बांधलं, एमी क्रमांक 1. एकट्याने बसायचं, तोंडाशी पंखा असलेलं दुपंखी. इंजिन ग्रेग्वार-जिप नावाचं, जेमतेम 45 अश्वशक्तीचं.

8 जानेवारी 1916 ला इतो हे विमान घेऊन इनागेहून निघाला, उपसागराच्या कडेने तोक्योवर गेला, राजधानीच्या डोक्यावरून फिरला आणि परत आला. एकूण 55 मिनिटं. चोवीस वर्षांचा पोरगा, स्वतः बांधलेलं विमान. दुसऱ्या दिवसापासून त्याला नाव मिळालं, नावामुळे खेळांची बोलावणी आली, त्या पैशातून पुढची विमानं झाली आणि शाळेला विद्यार्थी मिळाले.

एमीच्या बाजूने मी जे जे सांगू शकते त्यात सगळ्यात वजनदार आहे 1917 चं साल. त्या वर्षी 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबरच्या रात्रीत वादळ आलं, उपसागराचं पाणी चढलं आणि इनागेचा तळ उद्ध्वस्त झाला. जी वाळू फुकट धावपट्टी देत होती तिच्यावरूनच समुद्र आत आला. शिरातोने सामान उचलून सामुकावाला नवा तळ केला. इतो 1918 मध्ये त्सुदानुमाला गेला, पुन्हा किनाऱ्यावरच, आणि एमीचे क्रमांक पुढे चालू राहिले. शिकवणीची, लांब पल्ल्याची, पाण्यावरून उडणारी, गिऱ्हाइकांसाठी बांधलेली अशी सगळी मिळून त्याच्या कारखान्यातून पन्नासहून जास्त विमानं बाहेर पडली. मोडलेलं परत उभं करायचा याहून मोठा दाखला या यादीत दुसऱ्या कोणाकडे नाही.

त्सुदानुमाच्या शाळेतली नावं बघा. यामागाता तोयोतारो इथलाच. इतोच्या त्सुरुबाने या कसरतीच्या विमानात त्याने 1919 मध्ये हवेत उभी कोलांटी घेतली, जपानी खासगी वैमानिकांत पहिल्यांदा. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तशीच कसरत करताना विमान कोसळून तो गेला. आणि ह्योदो तादाशी. एहिमेची मुलगी, 1919 मध्ये इथे आली, 1922 मध्ये तिसऱ्या श्रेणीचा परवाना मिळवला, क्रमांक 38. जपानची ती पहिली परवानाधारक महिला वैमानिक. मुलींनी हे करावं असं त्या काळात कोणाला वाटत असेल? तरी शाळेने तिला घेतलं आणि ती टिकली. तुमच्या घरात मॉडेल बघून प्रश्न विचारणारी एखादी पुतणी किंवा भाची असेल, तर एमीसोबत सांगायला हे आहे.

बांधणीत एमी सोपं का? आकार सरळ आहेत. पंखाच्या फासळ्या एकसारख्या. इंजिन फिरतं नसल्यामुळे सात सिलिंडरांचं नक्षीकाम नाही. आणि बैठक एकच, म्हणजे आतलं काम निम्मं. शिकवणीच्या दृष्टीने एका बैठकीचा अर्थ मात्र कठीण होता: गुरू सोबत बसणार कसा? अशा विमानावर शिकणारा आधी वाळूवर नुसतंच विमान पळवायचा, न उठता, सरळ रेषेत, पुन्हा पुन्हा. मग एक उडी, मग जरा मोठी उडी. गुरू खाली उभा राहून बघणार आणि परत आल्यावर बोलणार. चाकं, दांडे आणि पंखांची टोकं या धावाधावीतच सगळ्यात जास्त मोडायची. म्हणून एमीचं मॉडेल करताना चाकांचा गाडा हौसेने करा. तो या विमानाचा सगळ्यात राबलेला भाग आहे.

तामाइ: धीर असेल त्याने

हानेदा म्हटलं की आज तोक्योचा अजस्र विमानतळ. 1916-17 मध्ये तिथे समुद्रकाठची गवताळ सपाटी होती आणि तिच्यावर तामाइ सेइतारो नावाच्या तरुणाने आइबा तामोत्सु या भागीदारासोबत जपान उड्डाण शाळा काढली होती. शाळेकडे विमान एक. ते बिघडलं की शाळेला सुट्टी.

20 मे 1917 ला सेइतारो स्वतः बांधलेल्या विमानातून एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराला घेऊन शिबाउरावर उडाला. हवेतच पंख तुटला. दोघेही गेले. शाळा बंद पडली. धाकट्या भावाने पुढे त्सुरुमीला तामाइ नाव चालू ठेवलं, तिथेही शाळा काढली, विमानं बांधली.

हानेदाच्या त्या मोडक्या शाळेत 1916 च्या अखेरीस पंधरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला होता, त्सुबुराया एइजी. लहानपणापासून विमानांची मॉडेल करणारा. गुरू गेला, शाळा गेली, वैमानिक होणं राहून गेलं. पुढे तो सिनेमात शिरला आणि छोट्या प्रतिकृतींतून पडद्यावर अख्खी शहरं, युद्धं आणि अजस्र प्राणी उभे करणारा जपानचा सगळ्यात नावाजलेला कसबी झाला. तारेवर टांगलेली त्याची विमानं कॅमेऱ्यासमोर इतकी खरी उडायची की बघणाऱ्याने श्वास रोखावा. मॉडेल करणाऱ्या कोणालाही तामाइच्या विमानाबद्दल ओढ वाटावी याला एवढं पुरेसं आहे, आणि मलाही वाटते.

तरीही पहिलं म्हणून मी ते सुचवणार नाही. मापं जुळवायला फार हात मारावे लागतात. एका फोटोतला दांडा दुसऱ्यात वेगळ्या जागी दिसतो, कारण विमान मध्ये दुरुस्त झालेलं असतं. चौथं-पाचवं मॉडेल असेल, फोटोवरून मापं काढायची सवय असेल, तर तामाइ घ्या आणि मॉडेलखालच्या फळीवर सेइतारोचं नाव लिहा.

त्सुरुगी, थोडक्यात

डॉक्टर किशी काझुता हे कान-नाक-घशाचे वैद्य. दवाखान्यात मिळवलेला पैसा त्यांनी विमानात घातला. 70 अश्वशक्तीच्या रेनॉ धर्तीचं इंजिन देशातच बनवलं, त्सुरुगी म्हणजे तलवार या नावाची विमानं बांधली आणि तोक्योच्या उत्तरेला आकाबानेला कारखाना, मैदान आणि शाळा उभी केली. 1921 च्या सुमारास सगळं आटोपलं. देशी इंजिनाची बाब खरंच मोलाची आहे. पण पहिलं त्सुरुगी फार्मान पद्धतीचं: पंखा मागे, वैमानिक पुढे उघड्यावर, शेपूट लांब काठ्यांवर आणि चहूकडे तारांचं जाळं. उडवायचं मॉडेल करायचं तर त्या काठ्या पहिल्या आपटीत जातात. माझ्या एका फार्मानच्या अशा तीनदा गेल्या, आणि चौथ्यांदा मी तो सांगाडा माळ्यावर टाकला.

नाकाजिमा पाचवं: मोठ्या कारखान्याचं पहिलं पाऊल

नाकाजिमा चिकुहेइ नौदलातला अधिकारी. 1917 मध्ये नोकरी सोडून त्याने गुन्मा प्रांतातल्या आपल्या गावाकडे, ओताच्या परिसरात, विमानाची संशोधनशाळा काढली. सुरुवात रेशमाचे किडे पाळायच्या शेडमध्ये. मैदान तोने नदीच्या काठचं. पहिलं विमान 1 ऑगस्ट 1918 ला पहिल्याच उड्डाणात कोसळलं. ते दिवस तांदळाच्या महागाईचे आणि दंगलींचे. गावात थट्टा सुरू झाली की सगळ्याचे भाव वर चढतायत, वर चढत नाही ते एक नाकाजिमाचं विमान. चौथं विमान 1919 मध्ये नीट उडालं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तोक्यो-ओसाका टपाल उड्डाणाच्या स्पर्धेत बक्षीस घेऊन आलं.

त्यावरूनच पाचवं आलं, दोन बैठकींचं शिकाऊ विमान, अमेरिकन हॉल-स्कॉट इंजिनाचं. लष्कराने आधी 20 मागवली. शेवटी शंभराहून जास्त बांधली गेली. जपानमध्ये खासगी कारखान्यातून इतक्या संख्येने निघालेलं हे पहिलं विमान. म्हणजे मुळात ते नागरी नव्हे. पण इंजिन कुरकुर करायचं, हाताळणीबद्दल तक्रारी होत्या, म्हणून लष्कराने ते लवकरच बाजूला काढलं आणि त्यांतली बरीच खासगी वैमानिकांकडे आणि शाळांकडे आली. इतो किंवा शिरातोसारख्या माणसांनी जे एकेक करून हाताने बांधलं होतं, त्याच्याशेजारी आता कारखान्यातून निघालेलं तयार विमान उभं राहिलं, तेही दोन बैठकींचं. गुरू सोबत बसू शकत होता. शिकणाऱ्याचं भलं झालं. हाताने बांधणाऱ्यांचं पोट त्यावर कसं चालायचं, हा प्रश्न मात्र तिथून सुरू झाला. पुढे फ्रेंच साल्मसन आणि ब्रिटिश अॅव्रो 504 अशी परवान्यावर जपानमध्ये बांधलेली विमानंही लष्कर-नौदलाकडून उतरून शाळांत आली, तेव्हा तो आणखी टोकदार झाला.

मॉडेल म्हणून पाचव्याची बाजू भक्कम आहे. नाक लांब, इंजिन जड, त्यामुळे वजनाचा तोल जवळजवळ आपोआप येतो. एमी आणि ओतोरीची नाकं आखूड. मॉडेलमध्ये शेपूट जड होते आणि नाकात शिसं भरावं लागतं. आकार मोठा, बसायचे दोन खड्डे, भक्कम गाडा. पिळलेल्या रबरावर उडवा किंवा छोट्या मोटरवर, ते सरळ जाईल. ज्याला जपानी विमान उद्योगाची सुरुवात दाखवायची आहे त्याने हेच घ्यावं. मला स्वतःला त्यात बांधणाऱ्याचा हात कमी दिसतो. शंभरातलं एक असलं की एक दांडा कोणी घासला हे सांगता येत नाही. हे माझं मत, ते तुमचं असायला हवं असं नाही.

आणि एक धाकटं: इशिकावाजिमा आर-3

हे खरं तर पुढच्या काळातलं, पण उडवायचंच मॉडेल हवं असणाऱ्यांसाठी यादीत हवं. इशिकावाजिमाचा विमान कारखाना 1924 चा, जो 1936 मध्ये ताचिकावा झाला. आर-3 हे त्यांचं दोन बैठकींचं हलकं शिकाऊ दुपंखी, ब्रिटिश सिरस हर्मीस इंजिनाचं. होसेइ विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याला सेइनेन निप्पोन, म्हणजे तरुण जपान, हे नाव दिलं आणि 29 मे 1931 ला हानेदाहून त्याचं तोंड युरोपकडे वळवलं. पुढे विद्यार्थी वैमानिक कुरिमुरा मोरिताका, सोबत त्याचे शिक्षक. सायबेरियावरून मॉस्को, बर्लिन, लंडन, पॅरिस करत 31 ऑगस्टला ते रोमला उतरले. विद्यार्थ्याने शिकाऊ विमानातून अर्धं जग ओलांडलं.

वळण मॉथसारखंच. मुंबईच्या जुहूवर त्याच सुमारास लोक ज्या मॉथवर उडायला शिकत होते, तिच्या सुरुवातीच्या प्रकारांच्या नाकातही सिरसच असायचं. म्हणजे मॉथचं मॉडेल ज्याने केलंय त्याला आर-3 मध्ये अनोळखी असं फार थोडं लागेल. मैदानावर संध्याकाळी दहा-दहा उड्डाणं करायची असतील तर डोळे झाकून हे घ्या. जुन्या तारा-कापडाच्या विमानाची हौस मात्र यावर भागत नाही.

मग प्रत्यक्षात

तुम्ही एमी घेतलं असं धरते, कारण मी त्यासाठीच इतकं लिहिलंय.

त्या काळचे पंख पातळ आणि खालून पोकळ असतात, पन्हळीसारखे. सगळ्या चुका इथेच होतात. कागद लावून त्यावर डोप, म्हणजे कागद ताणून घट्ट करणारा पातळ लेप, मारला की तो आवळतो, आणि खालच्या बाजूला फासळीची पोकळी सोडून सरळ ताणला जातो. वरून पंख बरोबर, खालून ढोल. खऱ्या विमानात कापड प्रत्येक फासळीला सुईदोऱ्याने शिवायचे ते याचसाठी. आपण शिवायचं नाही, पण खालच्या बाजूने प्रत्येक फासळीवर, एकही न सोडता, पातळ खळ लावून कागद आधी चिकटवायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि मगच डोप. आधी खालची बाजू, नंतर वरची. डोप पातळ, तीन हात, आणि प्रत्येक हातानंतर पंख फळीवर टाचण्यांनी दाबून ठेवायचा. नाहीतर सकाळी तो पापडासारखा वळलेला सापडतो. कागद जपानीच वापरा. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा तो हलका, लांब धाग्यांचा कागद ओला झाला तरी फाटत नाही.

फासळ्या एकेक कापू नका. पत्र्याचे दोन साचे करा, मध्ये बाल्साचे तुकडे रचा, दोन स्क्रू आवळा आणि सगळ्या एकदम घासा. दांड्यांसाठी बांबूच्या कामट्या बाल्सापेक्षा चांगल्या: पातळ होतात, वाकतात, मोडत नाहीत. पतंग करणाऱ्याकडून तासायला शिकून घ्या. माझ्या कामट्या आमच्या गल्लीतल्या पतंगवाल्या काकांनी बघितल्या, एक उचलली, नखावर तोलली आणि जड बाजूचं एक केस इतकं लाकूड काढून परत दिली. तेव्हापासून मी नखावर तोलते.

तारांना तंगूस वापरा, गळाची, सगळ्यात बारीक. लोखंडी तार बरोबर दिसते, पण आपटली की पंखासकट ओढते. तंगूस सुटते आणि पंख वाचतो. गाडा रबराच्या दोरीने बांधा, गोंदाने नको. त्या काळी चाकाचा आसही रबरी दोरीनेच गुंडाळलेला असायचा, धक्का सोसायला.

पुढचा प्रश्न नेहमी येतो की फळीवर काय लिहायचं. इनागेची ती वाळू आता राहिलेली नाही. समुद्र बुजवून तिथे वस्ती झाली, आणि खासगी उड्डाणाची जन्मभूमी सांगणारा स्तंभ उभा आहे. इतोचं पुढे असं झालं: दुसऱ्या महायुद्धानंतर विमान बांधायलाच बंदी आली, तेव्हा तो काही जुन्या सहकाऱ्यांसोबत चिबा प्रांतात आतल्या भागात, नारिताजवळच्या तोहोला, जमीन फोडून शेती करू लागला. शेताला नाव एमीच. त्सुदानुमाला कारखान्याचं जे छोटं उड्डाण-देवस्थान होतं तेही 1953 मध्ये तिथे नेऊन बसवलं. पुढे तोक्योचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ नेमका त्याच भागात आला, आणि इतोने आपली जमीन दिली. 1971 मध्ये तो गेला. तोहोचं ते देऊळ अजून आहे, विमानतळाच्या अगदी कडेला.

माझ्या एमीखालच्या फळीवर मी नुसती वाळू चिकटवली आहे, ओल्यासारखी दिसावी म्हणून गोंद जरा जास्त लावून. त्यावर चाकांच्या दोन रेघा आणि शेपटीची एक, मागे पाण्याच्या दिशेने गेलेल्या. लिहिलंय फक्त इनागे आणि 1916.